एकोणतिसाचा पाढा

"म्हणजे तुमचाही माझ्यावर विश्वास नाही, अक्का?"

धुरपदाबाईनं डोक्यावरचं गाठोडं मठाच्या ओट्यावर ठेवलं. आदळलं नाही, कारण आत लॅपटॉप होता. दुसरं काही असतं तर नक्की आदळलं असतं.

अक्का सुपात तांदूळ निवडत होत्या. निवडत राहिल्या.

"मी अजून तोंड उघडलेलं नाही, धुरपदे."

"तेच म्हणते मी. गप्प बसणं म्हणजे नाहीच असतं. शिमग्यापासून बघतेय. ज्याला सांगायला जावं तो आधी गप्प बसतो, मग माझ्या हातांकडं बघतो."

अक्कांनी तिच्या हातांकडं बघितलं.

"बघा. तुम्हीपण."

"सुईनं भोकं पडलेली बोटं आहेत. बघण्यासारखी आहेत म्हणून बघितली. पाणी पी."

धुरपदाबाई पाणी प्याली नाही. रागात असली की ती पाणी पीत नसे. माळावरची ती चढण, चैत्राचं ऊन, डोक्यावर गाठोडं, आणि घशात एवढा राग की पाण्याला जागाच नव्हती.

कोळवडीत नऊ बायकांचा भरतकामाचा गट होता. त्यांच्याकडं बारा सुयांचं मशीन होतं. लॅपटॉपवर चित्र तयार करायचं, पेन ड्राईव्हवर घेऊन मशीनला द्यायचं, की मशीन आपलं आपण कापडावर भरत सुटायचं. त्या लॅपटॉपवर बसायची धुरपदाबाई. शिक्षण चौथी. दीड वर्ष डोळे फोडून शिकली होती. कुठल्या रंगाचा धागा आधी, कुठला मागून, टाका कुठं तिरपा घ्यायचा, सगळं तिच्या डोक्यात. गटातल्या बारावी झालेल्या पोरींनाही ते जमलं नव्हतं.

आणि शिमग्यापासून लॅपटॉप अडायला लागला.

मोठं चित्र उघडलं की पडद्यावर ते गोल चक्र फिरत बसायचं. फिरतंय, फिरतंय. बाई चहा करून, पिऊन, कपबशी धुऊन आली तरी फिरतंय. ती म्हणाली, याच्या डोक्यात बिघाड आहे.

पुतण्या विक्रांत डिप्लोमा झालेला. त्याच्याकडं नेला. त्याच्या टेबलावर लॅपटॉप हरणासारखा पळाला.

शेटेच्या कॉम्प्युटरच्या दुकानात नेला. काचेच्या काउंटरवर ठेवला, तिथंही पळाला. शेटे गिऱ्हाइकांसमोर हसला. म्हणाला, उन्हाळ्यात माणसाचंच डोकं चालत नाही मावशी, याचं तरी बरं चालतंय.

संध्याकाळी घरी नेला, पाटावर ठेवून लेकीशी व्हिडिओवर बोलली, तर तेव्हाही नीट चालला.

अडायचा तो फक्त गटाच्या कारखान्यात, मशीनशेजारी. तिच्यासमोर. तिच्या हाताखाली.

मग सगळ्यांनी जो काढायचा तो अर्थ काढला.

"काय म्हणाला विक्रांत?" अक्कांनी विचारलं.

"म्हणाला, काकू, लॅपटॉपला काही झालेलं नाही. तुम्ही घाबरून एकाच वेळी दहा बटणं दाबत असाल." धुरपदाबाईचा आवाज चढला. "मी घाबरते? बारा सुया चालू असताना धागा तुटला तर हात घालणारी बाई मी. मी घाबरते?"

"आणि गटातल्या बायका?"

"त्या काय म्हणतात ते ऐकूच नका."

"ऐकव."

धुरपदाबाईनं ओठ दाबले. हे सांगायला ती चढण चढून आली होती, आणि हेच तिला सांगता येत नव्हतं.

"शाळांच्या गणवेशांचं काम आलंय. खिशावरचं बोधचिन्ह, तीन शाळांचं. जूनच्या आत द्यायचं. म्हणून नवा लॅपटॉप घ्यायचा म्हणतात. आणि नव्यावर विक्रांतची बायको बसेल म्हणतात. आणि..." ती थांबली. "आणि धुरपदाबाईंनी काजं-बटणं बघावीत म्हणतात."

अक्कांचा हात तांदळात थांबला.

"असं कोण म्हणालं?"

"कोण म्हणालं ते महत्त्वाचं नाही. 'नाही, असं नको' हे कोणीच म्हणालं नाही, ते महत्त्वाचं आहे."

...

कोळवडीत अक्कांचा शब्द हा शेवटचा शब्द. सून नांदत नसली, भाऊ भावाशी बोलत नसला, की लोक चढण चढून यायचे, आणि अक्का म्हणतील ते करायचे. अक्कांचं पाळण्यातलं नाव साळूबाई. पण भगवं नेसल्यापासून चाळीस वर्षांत ते नाव मठात कोणी घेतलं नव्हतं. अक्कांनी स्वतः तर नाहीच. ते नाव असलेली बाई चूक करणारी, रडणारी, संसारातली कोणीतरी होती. अक्का चुकत नाहीत, असं सगळ्यांना ठाऊक होतं. अक्कांनाही असावं.

धुरपदाबाईनं पोलक्यातून दोन कागद काढले. घामानं ओले झाले होते.

"तुम्ही कोणता ते सांगा. उद्या सकाळी गटात सांगायचंय. नीट कारण देऊन निवडला तर निदान निवडणारी तरी मी ठरेन. नाहीतर विक्रांत निवडेल, मग त्याची बायको बसेल, मग सगळं संपलंच."

"कशात काय निवडायचंय?"

"प्रोसेसर. लॅपटॉपचा मेंदू. बाकी सगळं दोन्हीकडं सारखं, पडदा सारखा, बटणं सारखी. मेंदू तेवढा वेगळा."

"मेंदू वेगळा म्हणजे कसा?"

"हा पहिला भरभर चालणारा. कितीही मोठं चित्र द्या, चुटकीसरशी उघडतो. पण तापतो. आणि वीज गेली तर बॅटरी जेवणाच्या सुट्टीपर्यंत पुरेल, पुढं नाही."

"आणि हा दुसरा?"

"सावकाश आहे. पण थंड राहतो. बॅटरी अख्खा दिवस निघते. आपल्याकडं दुपारी वीज जाते, तेव्हा कामाचा."

अक्कांनी दोन्ही कागद हातात घेतले. वाचले नाहीत. एकानं वारा घेतला, मग दुसऱ्यानं.

"वारा दोन्हींचा सारखाच येतोय."

"अक्का, चेष्टा नको. माझी जागा जातेय."

"चेष्टा करत नाही. तुला दिवसातून मोठं चित्र किती वेळा लागतं?"

"एकदा. फार तर दोनदा."

"आणि उरलेला दिवस?"

"फायली मशीनला द्यायच्या. जुनी चित्रं काढायची, नावं बदलायची. संध्याकाळी लेकीशी बोलायचं. कधी विजेचं बिल भरायचं, कधी भजन लावायचं."

"मग एवढ्याला आत्ताचा मेंदू पुरत नाही?"

"पुरायला पाहिजे ना," धुरपदाबाई कडाडली. "दीड वर्ष पुरला की. तेच तर मी घसा फोडून सांगतेय. काम तेच, बाई तीच, लॅपटॉप तोच. आता का अडतो? हे कोणी विचारत नाही. सगळे विचारतात, बाई किती शिकलीय?"

अक्कांनी सूप बाजूला सारलं.

"दाखव."

"तुमचा विश्वास..."

"विश्वासाचं काय करायचंय? दाखव."

...

धुरपदाबाईनं गाठोडं सोडलं. आधी गादी काढली, मग गादीवर लॅपटॉप ठेवला.

गादी बघण्यासारखी होती. गटातल्या नऊ जणींनी नऊ जुन्या लुगड्यांचे तुकडे दिले होते. आत पिंजलेला कापूस, चार बोटं जाड. कडेनं मोर, मोरांच्या चोचीत आंब्याचं पान. धुरपदाबाईनं हातानं भरलेलं, मशीनवर नाही. दसऱ्याला अक्का कारखान्यात आल्या होत्या तेव्हा लॅपटॉप उघड्या फळीवर होता. अक्का म्हणाल्या होत्या, ज्याच्यावर पोट चालतं त्याला फळीवर बसवू नये, गादी द्यावी. आठ दिवसांत गादी झाली. कारखान्यात लॅपटॉप तेव्हापासून तिच्यावरच बसायचा. गादी कारखान्यातच राहायची. एवढी देखणी वस्तू कोण शेटेच्या दुकानात नेतं? पण मठात यायचं म्हणून आज आणली होती. अक्कांच्या दगडी ओट्यावर लॅपटॉप नुसता कसा ठेवायचा?

तिनं शाळेचं बोधचिन्ह उघडलं. समई, उघडं पुस्तक, वर वडाचं झाड. वडाला पानंच पानं.

चित्र अर्धं आलं आणि थांबलं. गोल चक्र फिरायला लागलं.

"बघा," धुरपदाबाई म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ते आनंदाचं होतं. पहिल्यांदा तो कारखान्याबाहेर, दुसऱ्या माणसासमोर अडला होता. "बघा, अडला. मी काही दाबलं का? सांगा, एक तरी बटण दाबलं का?"

"नाही."

"म्हणा पुन्हा."

"नाही दाबलंस."

धुरपदाबाईनं आता पाणी प्यायलं. तांब्या रिकामा केला.

अक्कांनी लॅपटॉपवर तळवा ठेवला, आणि लगेच उचलला. मग काही न बोलता आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात घोंगडी होती. काळी, जाड, माघाच्या थंडीतली.

त्यांनी ती धुरपदाबाईच्या डोक्यावरून टाकली, गळ्याशी आवळली, पायांपर्यंत ओढली. नुसता चेहरा तेवढा उघडा ठेवला.

"अक्का, हे काय?"

"तुला पाढे येतात ना?"

"तिसापर्यंत. चौथीत असताना शाळा तपासायला आलेल्या साहेबांसमोर म्हटले होते. साहेबांनी..."

"एकोणतिसाचा म्हण."

"आत्ता? या उन्हात? घोंगडीत?"

"साहेबांना सांगितलं होतंस का, ऊन आहे म्हणून?"

धुरपदाबाई कोणाला हरणारी नव्हती. तिनं मान ताठ केली.

"एकोणतीस एके एकोणतीस. एकोणतीस दुणे अठ्ठावन्न. एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी."

कपाळावरून घाम नाकावर आला.

"एकोणतीस चोक एकशे सोळा. एकोणतीस पंचे... एकशे पंचेचाळीस."

ओट्यावर ऊन सरकत आलं होतं. घोंगडीची लोकर मानेला टोचत होती. आत हवा नव्हतीच, नुसती वाफ.

"एकोणतीस सक..."

...

"एकोणतीस सक... एकशे... एकशे चौऱ्याहत्तर. एकोणतीस सत्ते..."

ती थांबली. तोंड उघडं होतं, पण आकडा येत नव्हता. डोळे एका जागी खिळले होते.

अक्का शांतपणे म्हणाल्या, "मंद झालीस, धुरपदे."

"थांबा. येतंय."

"नाही येत. घाबरून भलतंच काही म्हणत असशील. आता तुझ्यानं होणार नाही. तू बस तांदूळ निवडत, मी नवी शिष्या घेते. दोघी विचारून गेल्यात. एक चलाख आहे, पण तापट. दुसरी सावकाश, पण शांत. कोणती घेऊ, सांग."

धुरपदाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. एवढी वर्षं चढण चढून येतेय, आणि एका पाढ्यावरून तांदूळ निवड?

"कोणतीही घ्या," ती घोंगडीतून गरजली. "चलाख घ्या नाहीतर सावकाश घ्या. पण तिलाही जर ही घोंगडीच घालणार असाल, तर तीसुद्धा सत्ते म्हणताना..."

पुढचा शब्द आला नाही.

तिचे डोळे लॅपटॉपकडं गेले. लॅपटॉपवरून गादीकडं. चार बोटं जाड कापूस. कडेनं मोर.

...

अक्कांनी घोंगडी ओढून काढली.

"दोनशे तीन," धुरपदाबाई हळूच म्हणाली.

"उलटा कर त्याला."

"उलटा? पडदा खाली?"

"उलटा."

दीड वर्षांत तिनं त्याला कधी उलटा केला नव्हता. ज्याला रोज हात जोडायचे त्याला पालथा कोण घालतो? दसऱ्याला त्याच्या झाकणावर हळदी-कुंकवाची बोटं उठायची, पोटाकडं कोणी बघायचं नाही. विक्रांतनंही उलटा केला नव्हता. शेटेनंही नाही. त्यांना बटणं दाबायची होती, आणि बटणं वरच्या बाजूला असतात.

तिनं बंद करून पालथा घातला. पोटाला बारीक बारीक खाचा होत्या, हवा ओढायच्या. निम्म्याहून जास्त बुजल्या होत्या, आणि उरलेल्या गादीवर टेकल्या की मिटत असणार. गादीतला कापूस, मशीनखाली उडणाऱ्या धाग्यांचा लाल-हिरवा-पिवळा कीस, सगळं आत ओढलं जाऊन घट्ट बसलं होतं. पंखा बिचारा कापसात तोंड खुपसून फिरत होता.

धुरपदाबाईनं बांगडीत अडकवलेली सुई काढली आणि खाच न् खाच मोकळी केली.

"आता ठेव."

"कशावर?"

अक्कांनी पायातल्या खडावा काढल्या. ओट्यावर एकमेकींपासून वीतभर अंतरावर ठेवल्या. मधून वारा जाईल एवढी जागा राहिली.

"अक्का. पादुका आहेत त्या."

"लाकूड आहे."

"मी त्यावर यंत्र ठेवू? लोक त्यांना डोकं लावतात."

"डोकं लावून त्यांनी कोणाचं काही थंड केलेलं मी बघितलं नाही. ठेव."

तिनं ठेवला. दोघी वाट बघत बसल्या. अक्कांचे अनवाणी पाय तापलेल्या दगडावर होते, त्यांनी ते उचलले नाहीत. थोड्या वेळानं धुरपदाबाईनं लॅपटॉप चालू केला, चित्र उघडलं. समई आली. पुस्तक आलं. मग वडाचं झाड, पानापानासकट, सरसर सगळं आलं. गोल चक्र फिरलंसुद्धा नाही.

आधी धुरपदाबाई हसली. मग तिचा राग परत आला, आणि आता त्याला पाय फुटले होते.

"शिमग्यापासून," ती म्हणाली. "शिमग्यापासून मला वेड्यात काढलं. त्या शेटेला उलटा करून बघता येत नव्हता? नवा खपवायचा होता त्याला. आणि तो डिप्लोमावाला. काय शिकवलं त्याला तिथं? माझ्या शिक्षणाचं माप काढतो. जाते आता, दोघांना चौकात उभं करते. बायकांनाही. काजं-बटणं बघा म्हणे. आता एकेकीला..."

"गादी कोणी शिवली?"

धुरपदाबाईनं गादीवरच्या मोराकडं बघितलं.

"मी."

...

सुपातल्या तांदळावर एक चिमणी येऊन बसली, दाणे टिपून गेली. दोघींनी तिला हाकललं नाही.

"मी शिवली," धुरपदाबाई पुन्हा म्हणाली. आवाज खाली गेला होता. "म्हणजे झालंच की. लॅपटॉप चांगला, नवा नको, हे सगळं खरं. पण उद्या त्या एवढंच ऐकतील. गादी धुरपदानं शिवली, धुरपदानंच त्याचा जीव कोंडला. विक्रांत म्हणेल, बघा, मी म्हणत नव्हतो? काकूंचीच चूक. मग काजं-बटणं."

"गादी शीव असं तुला कोणी सांगितलं?"

धुरपदाबाईनं मान खाली घातली. तिला दसरा आठवत होता. सगळ्या नऊ जणींना आठवत असणार. पण कोणी उच्चारणार नव्हतं.

"कोणी नाही. माझ्याच मनात आलं."

"धुरपदे."

"खरंच, अक्का. माझंच खूळ ते."

"सकाळपासून तू ओरडतेयस, कोणी माझं खरं मानत नाही म्हणून. आणि आता माझ्या ओट्यावर बसून खोटं बोलतेस?"

शेटेवर, विक्रांतवर, अख्ख्या गावावर चालणारी धुरपदाबाईची जीभ इथं टाळ्याला चिकटली होती.

अक्कांनी त्या दोन कागदांतला एक उचलला. भरभर चालणाऱ्या मेंदूचा होता की सावकाश चालणाऱ्याचा, ते त्यांनी बघितलं नाही. कोरी बाजू वर करून तिच्यापुढं ठेवला.

"पेन्सिल आहे ना? लिही. उद्या गटात सगळ्यांसमोर वाचून दाखव."

धुरपदाबाईनं कानामागची पेन्सिल काढली. कापडावर खुणा करायची, निळी.

"लिही. लॅपटॉप चांगला आहे."

तिनं लिहिलं. अक्षर मोठं होतं, शाळेतल्यासारखं, पण ठसठशीत.

"नवा नको. दोन्ही नकोत."

तिनं लिहिलं.

"त्याला गादीवर बसवलं म्हणून तो गुदमरला. तो अडतो असं धुरपदा पहिल्या दिवसापासून सांगत होती, ते खरं होतं."

हे लिहायला तिला वेळ लागला. शेवटचे शब्द तिनं दोनदा गिरवले.

"पुढं लिही. गादी द्या असं सांगणाऱ्याची चूक. त्याखाली नाव."

पेन्सिल कागदावर टेकली आणि तिथंच राहिली. निळा ठिपका मोठा होत गेला.

"अक्का, मी नाही लिहिणार."

"का?"

"गाव तुमच्या शब्दावर चालतं. तुमचा शब्द चुकला असं मी नऊ बायकांसमोर वाचू? कोणी विश्वास ठेवणार नाही."

अक्का हसल्या. मग सूप जवळ ओढून पुन्हा तांदूळ निवडायला लागल्या.

"उद्या तुझ्यावर विश्वास ठेवायला शिकतील, तशाच माझ्या चुकीवरही ठेवायला शिकतील. लिही."

"काय लिहू? अक्का असं लिहू?"

"अक्का कोणाचंही नाव नसतं."

धुरपदाबाईनं वर बघितलं.

अक्कांनी तांदळातला एक खडा काढला, बोटांत धरून उजेडात बघितला, आणि ओट्याखाली टाकला.

"साळूबाई."